नम्रता आणि प्रभूची कृपा

(मंडळाच्या व्याख्यानमालेत नाताळच्या आठवड्यात दिलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी मला 'ख्रिस्ती माणसाचा नित्याच्या जीवनातील अनुभव' या विषयावर बोलण्याची विनंती केली, तेव्हा मी प्रथम नकारच दिला. मी धर्मोपदेशक नाही, पंडित तर नाहीच. बी. ए. झालो आणि तीस वर्षे केंद्र सरकारच्या फायली चाळल्या, एवढीच माझी विद्या. परंतु चिटणीस म्हणाले, "गणेशोत्सवात तुम्ही आमच्याबरोबर सतरंज्या अंथरता, नाताळात आम्ही तुमच्या घरी करंज्या खातो. पण तुम्ही नेमके काय मानता हे आम्ही कधी विचारले नाही, आणि तुम्ही कधी सांगितले नाही." या बोलण्यातील आपुलकी मला नाकारता आली नाही. म्हणून आज आपल्यासमोर उभा आहे. उपदेश करणार नाही. जे घडले ते सांगेन.

माझा विषय दोन शब्दांचा आहे : नम्रता आणि कृपा. या दोन शब्दांची जेवढी उधळपट्टी आमच्या कचेऱ्यांत होते तेवढी क्वचितच कोठे होत असेल. प्रत्येक अर्जाच्या आरंभी 'कृपया' असते आणि शेवटी 'आपला नम्र'. आपल्या घरगुती पत्रांतूनही आपण 'सा. न. वि. वि.' लिहितो, पण लिहिताना आठही अंगे भुईला टेकल्याची कल्पना कोणाच्या मनात येते? शब्द झिजले, अर्थ उडून गेला.

कचेरीतील 'साहेबांची कृपा' ही एक वेगळीच वस्तू असते. ती माणसे पाहून होते, मोजून होते आणि हवी तेव्हा काढून घेता येते. ख्रिस्ती धर्म जिला कृपा म्हणतो ती अशी नव्हे. आमच्या नोकरीच्या भाषेत सांगायचे, तर अर्जित रजा सेवा केल्याने खात्यावर जमा होते. कृपा कोणाच्याच खात्यावर अशी जमा होत नाही. ती कमाई नव्हे, बक्षीस नव्हे. मनुष्य लायक झाल्यावर देव ती देतो असेही नाही. मनुष्य नालायक असतानाच ती त्याच्या दाराशी येऊन उभी असते, अशी आमची श्रद्धा आहे.

मग कोणीही विचारील, कृपा जर फुकट आहे, तर ती सर्वांना का लाभत नाही? या प्रश्नाचे उत्तर मला फार उशिरा सापडले. पाऊस सर्वत्र सारखाच पडतो, पण पालथ्या घड्यात थेंबही राहत नाही. नम्रता ही कृपेची किंमत नव्हे. नम्रता म्हणजे घडा सुलटा करणे, ओंजळ पुढे करणे. आणि माझ्यासारख्या माणसाला, ज्याचा हात आयुष्यभर सह्या करण्यासाठीच पुढे झाला, ओंजळ पुढे करणे सर्वांत अवघड जाते.

प्रभू येशूने एक दृष्टान्त सांगितला आहे. मंदिरात दोघे प्रार्थनेला गेले. एक परूशी, म्हणजे मोठा धर्मनिष्ठ, दुसरा जकातदार. परूशाने देवाला आपल्या उपासतापासांचा आणि दानधर्माचा हिशेब वाचून दाखविला. जकातदाराने दूर उभे राहून, मान खाली घालून, फक्त दयेची याचना केली. नीतिमान ठरून घरी गेला तो जकातदार. जकातदार म्हणजे सरकारी नोकरच. तेव्हा आमच्या वर्गालाही आशा आहे, असे मी या दृष्टान्तावरून मानीत आलो आहे!

आपल्या मराठी भाषेत हा विचार परका नाही. फादर स्टीफन्स हा इंग्रज जेज्विट १५७९ साली गोव्यास आला आणि त्याने आपले 'क्रिस्तपुराण' मराठीत, ओवीछंदात रचले. ते १६१६ साली छापले गेले. परदेशातून आलेल्या विद्वानाने येथील लोकांच्या भाषेपुढे शिष्य होऊन बसावे, हीसुद्धा नम्रताच. पुढे नारायण वामन टिळकांनी तर अभंगालाच जवळ केले. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे ते मानीत. १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका सहप्रवासी गोऱ्या गृहस्थाने त्यांना नवा करार वाचावयास दिला. त्यातील डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना जिंकले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

परंतु मला नम्रतेचा धडा अधिक मिळाला तो लक्ष्मीबाईंकडून. पतीच्या धर्मांतराने त्यांच्यावर आकाश कोसळले. काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या. नंतर पतीकडे आल्या तरी सोवळेओवळे सुटले नव्हते. महाबळेश्वरी असताना त्यांच्या मनाने घेतले की जातिभेद देवाने केलेला नाही, तो माणसाचा आहे. आणि तेथे त्यांचे सोवळे गळून पडले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली असतील त्यांना आठवेल, ही बाई स्वतःच्या फजितीवर किती मोकळेपणाने हसते! शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंनी टिळकांच्या मागे त्यांच्या अपुऱ्या 'ख्रिस्तायना'चे साठांहून अधिक अध्याय लिहून काढले. स्वतःला मोठे न समजणाऱ्या माणसाच्या हातून देव केवढे काम करून घेतो, याचा याहून मोठा दाखला मला ठाऊक नाही.

हे सारे मी लहानपणापासून ऐकत आलो. आमचे घराणे नगर जिल्ह्यातले. टिळकांची पदे ऐकतच मी मोठा झालो. पण ऐकलेले अंगी बाणते असे नाही. ते बाणण्यासाठी मला बदली होऊन या रांचीत यावे लागले.

येथील मुख्य रस्त्यावरचे जुने लूथरन मंदिर आपण सर्वांनी पाहिले आहे. १८४५ साली गोस्नर यांनी पाठविलेले चार जर्मन मिशनरी रांचीत आले. उराँव समाजातील पहिल्या चौघांचा बाप्तिस्मा होण्यास मात्र १८५० साल उजाडले. पुढे १९१९ साली ही मंडळी स्वायत्त झाली. त्याच वर्षी आमचे टिळक निवर्तले, म्हणून हे साल माझ्या लक्षात राहिले. मी दर रविवारी तेथे हिंदी उपासनेस जातो. माझ्या कचेरीतील एक दप्तरीही त्याच मंडळीचा. तो उराँव आहे. कचेरीत तो माझ्या खोलीबाहेर उभा राहतो. मंदिरात आम्ही एकाच बाकावर बसतो. निदान बसावयास हवे होते. प्रत्यक्षात मी पुढच्या बाकावर बसे आणि तो मागच्या.

एकदा एक महत्त्वाची फाईल सापडेना. वरून विचारणा झाली. मी दप्तऱ्याला बोलावले, सर्वांसमक्ष नको ते बोललो आणि निष्काळजीपणाबद्दल लेखी ताकीद देऊन तिची नोंद करविली. त्याने एवढेच सांगितले, "साहेब, ती फाईल मी आपल्या टेबलावर ठेवली होती." मला तो उद्धटपणा वाटला. तीन आठवड्यांनी ती फाईल माझ्याच घरी, माझ्याच कपाटात, वर्तमानपत्रांच्या चळतीखाली सापडली.

आता मी काय केले ते सांगतो, कारण ते सांगण्यासाठीच मी येथे उभा आहे. मी ती फाईल गुपचूप कचेरीत नेली आणि "सापडली" एवढेच म्हणालो. कोठे, ते सांगितले नाही. ताकीद तशीच राहिली.

पुढच्या रविवारी प्रभुभोजनाचा विधी होता. डोंगरावरच्या त्याच प्रवचनात प्रभूची एक आज्ञा आहे : वेदीपाशी अर्पण आणले असता आपल्या बंधूच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून प्रथम जाऊन त्याच्याशी समेट करावा. ही वचने मी शेकडो वेळा वाचली होती. त्या दिवशी भाकरीसाठी हात पुढे करण्याची वेळ आली आणि हात उचलेना. मी उठून बाहेर आलो.

त्याच संध्याकाळी पत्ता विचारीत मी दप्तऱ्याच्या घरी गेलो. मी दाराशी दिसताच घरात धावपळ उडाली. बसावयास खाट आली. मी क्षमेचे शब्द मनात जुळवीत होतो, इतक्यात त्याची वृद्ध आई पितळेची थाळी आणि पाण्याचा लोटा घेऊन आली आणि माझे पाय धुण्यासाठी खाली बसली. येथील आदिवासी घरांत पाहुण्याचे असे स्वागत करण्याची जुनी रीत आहे. आपल्याकडेही दारी आलेल्याला पाय धुण्यास पाणी देत असत. पण तिने स्वतःच माझे पाय धुवावे? ज्या घराचा मी अपराधी, त्याच घरातील माउलीने? मी पाय मागे ओढले. "नको, नको," म्हणालो. म्हातारी हसली आणि म्हणाली, "पाणी घेतल्याशिवाय पाहुणा घरात कसा येणार?"

त्या क्षणी मला पेत्राची आठवण झाली. शेवटच्या रात्री प्रभू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुऊ लागला, तेव्हा पेत्राने नकार दिला. वरवर पाहता ती पेत्राची नम्रता. पण प्रभूने सांगितले की तू हे करू दिले नाहीस, तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. आजवर मी समजत होतो, दुसऱ्याचे पाय धुणे ही नम्रता. त्या संध्याकाळी उमगले, आपले पाय धुऊ देणे ही त्याहून मोठी नम्रता. देणाऱ्याचा ताठा एक वेळ टिकतो. घेणाऱ्याचा टिकत नाही.

मी पाय पुढे केले. पाणी थंड होते. मला बोलवेना. मग कसेबसे सर्व सांगितले : फाईल माझ्या घरी होती, अपराध माझा होता. दप्तरी थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "साहेब, त्या आठवड्यातच प्रार्थनेत मी ते सोडून दिले होते. तुम्ही येण्याचीच वाट पाहत होतो."

बंधुभगिनींनो, कृपा म्हणजे काय, हे याहून सोपे करून मला सांगता येणार नाही. क्षमा आधीच झाली होती. ती तीन आठवडे माझी वाट पाहत होती. उशीर तिच्याकडून नव्हता, माझ्याकडून होता.

परंतु केवळ तोंडी नम्रता पुरत नाही. सरकारी मनुष्य जाणतो की जे कागदावर नाही ते झालेच नाही. सोमवारी मी झाल्या गोष्टीचे टिपण लिहून ताकीद रद्द करण्याची शिफारस केली. एका वरिष्ठांनी मला समजावले की अशाने शिस्त बिघडेल, आणि माझ्या स्वतःच्या अहवालावरही परिणाम होईल. परिणाम झाला की नाही, मी शोधले नाही. ताकीद रद्द झाली, आणि ज्या खोलीत मी त्याला बोललो होतो त्याच खोलीत सर्वांसमक्ष ते वाचून दाखविले. शिस्त बिघडल्याचे मला तरी दिसले नाही. तेव्हापासून रविवारी आम्ही एकाच बाकावर बसतो.

यावरून मी फार नम्र झालो असे कृपा करून समजू नका. जो आपली नम्रता सांगू लागला त्याची ती तेथेच संपली. राग अजून येतो, जीभ अजून सुटते. एवढेच की ओंजळ कशी धरावी, हे एकदा कळले आहे.

आपण सारे घरापासून दूर आलेले लोक. या शहरात आपले मंडळ पन्नास वर्षे उभे राहिले ते आपल्या कर्तबगारीने, हे खरेच. पण पहिल्या दिवशी या अनोळखी गावात आपल्यातील प्रत्येकाला कोणीतरी पाणी दिले असेल, घर दाखविले असेल, आजारात रात्र जागविली असेल. ते हात बहुधा मराठी नव्हते. त्या हातांचे स्मरण ठेवणे, आणि जेथे आपले चुकले तेथे दार ठोठावण्यास न लाजणे, एवढे जरी साधले, तरी देव आपापल्या नावाने प्रत्येकाच्या घरी येईल, असा मला विश्वास आहे.

 आपला नम्र, असे आज मी जरा जपूनच म्हणतो.