मालकाच्या वेषातील क्रीडापाक्षिक

एखाद्या नियतकालिकाने आपले मुखपृष्ठ बदलले, अक्षरांचा घाट बदलला, चित्रे मोठी केली, तर त्यावर आकाशवाणीवरून भाषण करावे इतके त्यात काय आहे, असे आपणांपैकी पुष्कळांस वाटेल. नव्या अंगरख्याने मनुष्य बदलत नाही, हे खरेच. परंतु तो अंगरखा त्याने स्वतः शिवून घेतला आहे, की धन्याने तो आपल्या चाकराच्या अंगावर चढविला आहे, यावर बरेच अवलंबून असते. दूरचित्रवाणीच्या एखाद्या वाहिनीच्या मालकीचे क्रीडाविषयक पत्र जेव्हा वाहिनीचेच नाव, वाहिनीचेच रंग आणि वाहिनीचीच बोलण्याची ढब धारण करते, तेव्हा प्रश्न निव्वळ शोभेचा राहत नाही.

याचे सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेतील आहे. ईएसपीएन ही वाहिनी ७ सप्टेंबर १९७९ रोजी कनेक्टिकट राज्यातील ब्रिस्टल या गावातून सुरू झाली. तिच्या आद्याक्षरांत मनोरंजन पहिले आणि क्रीडा दुसरी आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. या वाहिनीने मार्च १९९८ मध्ये आपले पाक्षिक काढले. तोवर त्या देशात १९५४ पासून निघणाऱ्या ‘स्पोर्ट्‌स इलस्ट्रेटेड’ या साप्ताहिकाचा दरारा होता, आणि नव्या पाक्षिकाचे पहिले संपादक जॉन पॅपानेक हेही त्याच साप्ताहिकात मुरलेले. पण त्यांच्या हातून निघाले ते पत्र अगदी निराळे. आकार नेहमीहून मोठा, जणू पडद्याशी स्पर्धा करावयास निघालेला, छायाचित्रे भव्य, छोट्या छोट्या तुकड्यांनी भरलेली पाने, भाषा निवेदकाच्या चटपटीत बोलण्यासारखी. जुन्या साप्ताहिकाचे बळ झालेल्या सामन्याच्या वर्णनात होते. नव्या पाक्षिकाच्या पहिल्या अंकाचा मथळा ‘यापुढे कोण’ अशा अर्थाचा होता. या धोरणीपणाचे मला कौतुकच वाटते. ज्याने सामना रात्री डोळ्यांनी पाहिला, त्यास सकाळी धावसंख्या सांगण्यात काय हशील?

तथापि या कथेचा शेवटही पाहावयास हवा. त्या पाक्षिकात उत्तम दीर्घ लेखही येत असत. वाचक थोडेथोडके नव्हते. असे असूनही सप्टेंबर २०१९ मध्ये त्याचा नियमित छापील अंक बंद झाला. आपला वाचक आता कागदावर नसून पडद्यावर आहे, असा मालकाने हिशेब केला. जे पान पडद्याची नक्कल करण्यात धन्यता मानते, त्याला एक दिवस मालक विचारणारच, की मग पडदाच का नको?

मालकाच्या नावात आपले नाव मिसळणे सर्वत्र अयोग्यच असते, असे मात्र मी म्हणत नाही. खुद्द नभोवाणीचेच पाहा. जुलै १९२७ मध्ये ‘इंडियन रेडिओ टाइम्स’ हे पत्र निघाले. २२ डिसेंबर १९३५ पासून मुंबईत ‘इंडियन लिसनर’ या नावाने त्याचा नवा अवतार झाला, आणि ५ जानेवारी १९५८ पासून त्याचेच ‘आकाशवाणी’ झाले. यात कोणाचे काही बिघडले नाही. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणाचे गाणे हे श्रोत्यांस कळविणे हेच त्या पत्राचे मुख्य कार्य. घरच्या वर्दीदाराने घरचा पोशाख घालणे शोभूनच दिसते. क्रीडापाक्षिक हे वर्दीदार नव्हे. त्याने पंचाशेजारी उभे राहून खेळ पाहावयाचा असतो, आणि प्रसंगी खेळ चालविणाऱ्यांसही चार शब्द सुनावावयाचे असतात.

आमच्या मुंबईत २००१ च्या अखेरीस ‘विस्डेन एशिया क्रिकेट’ हे मासिक सुरू झाले. विस्डेन हे नाव म्हणजे १८६४ पासून निघणारा तो इंग्रजी वार्षिक ग्रंथ. त्याच्या पिवळ्या वेष्टणावर १९३८ साली एरिक रॅव्हिलियस याने कोरलेले उंच टोपीवाल्या खेळाडूंचे चित्र आले आणि कित्येक दशके टिकले. त्या घराण्याचे नाव लावणारे हे मुंबईचे मासिक होते. पुढे विस्डेनकडे क्रिकइन्फो हे संकेतस्थळ आले, आणि २००६ च्या आरंभी मासिकाचे नाव ‘क्रिकइन्फो मॅगझिन’ झाले. पुढल्याच वर्षी ते संकेतस्थळ वर सांगितलेल्या ईएसपीएनने विकत घेतले, आणि मासिक काही टिकले नाही. आता ईएसपीएनचेही आपल्या देशात काय झाले? स्टारबरोबर मांडलेल्या भागीदारीतून ती २०१२ साली बाहेर पडली, आणि २०१३ साली येथील तिच्या वाहिन्यांवर स्टार स्पोर्ट्‌स हे नाव आले. एखाद्या पाक्षिकाने या काळात मालकाचा वेष इमानाने चालविला असता, तर त्यास किती वेळा शिंप्याकडे धावावे लागले असते, याचा हिशेब श्रोत्यांनीच करावा!

संदीप पाटील यांच्या संपादकत्वाखाली निघणाऱ्या ‘एकच षट्कार’ला असा काही आधार नव्हता आणि असा काही जाचही नव्हता. तो मराठी वाचकांनी आवडीने वाचला, कारण तो आपल्या भाषेत, आपल्या माणसांविषयी बोले.

येथे कोणी म्हणेल, की हा सारा नावांचा आणि रंगांचा घोळ आहे. लेख चांगले असले म्हणजे झाले. पण कबड्डीचे उदाहरण घ्या. २०१४ साली दूरचित्रवाणीसाठी प्रो कबड्डी सुरू झाली. मातीतला खेळ गादीवर आणि झगझगीत दिव्यांखाली आला, चढाईस तीस सेकंदांची मुदत आली, आणि ठाणे जिल्ह्यातील मैदानांवर ज्यांनी गुडघे फोडून घेतले होते तो खेळ देशभर पाहिला जाऊ लागला. हे मोठेच कार्य झाले. परंतु पुढे त्या स्पर्धेच्या मालकीतच वाहिनीचा मोठा वाटा आला. आता समजा, त्याच वाहिनीच्या वेषात एखादे क्रीडापत्र निघाले. अमुक नियम खेळाडूस जाचक आहे, किंवा अमुक बदल केवळ प्रेक्षकांच्या सोयीसाठी झाला आहे, असे त्यात कोण लिहील? लिहिले तर ते छापील कोण? मथळ्याचा रंग बदलला त्या दिवशी हा प्रश्न कोणी विचारीत नाही. तो पुढे, एखादा कडवट लेख फिरून परत येतो तेव्हा, लेखकाच्या एकट्याच्या मनात उभा राहतो.

मी आंबिवलीचा राहणारा. कल्याणच्या पुढे, शहाड आणि टिटवाळा यांच्या मधले आमचे स्थानक. येथून मुंबईस कामावर जाणाऱ्या गृहस्थास गाडीत घालविण्यास वेळ पुष्कळ असतो. बसावयास जागा मिळेलच असे नाही. त्याने रात्री सामना पाहिलेला असतो, निवेदकांचा कलकलाटही ऐकलेला असतो. गाडीत पुन्हा तेच चेहरे आणि तीच घोषवाक्ये त्याच्यापुढे धरण्यात त्याचा अपमान आहे, असे मी समजतो. त्याला हवे असते ते पडद्याने न दाखविलेले. पावसाळ्यात चिखलात खेळल्या जाणाऱ्या कांगा लीगमध्ये कोण पोरगा उसळत्या चेंडूस उभा राहिला. एखाद्या जिल्हा संघाची निवड कशी झाली. नामवंत खेळाडूच्या खांद्याची दुखापत खरोखर कशाने झाली. यांतले काही पडद्यावर येत नाही, कारण त्यात जाहिरातीस जागा नाही.

आणि कागदाचे सामर्थ्य ज्यास कमी वाटते त्याने १८ जून १९८३ आठवावा. टनब्रिज वेल्स येथे झिंबाब्वेविरुद्ध भारताचे पाच गडी सतरा धावांत बाद झाले होते. तेथून कपिल देवने नाबाद १७५ धावा काढल्या, संघाची संख्या २६६ वर नेली, आणि भारताने तो सामना ३१ धावांनी जिंकला. त्या खेळीचे चलच्चित्र नाही. ती आपल्या मनात आहे ती लिहिणाऱ्यांनी लिहिली म्हणून, छायाचित्रकारांनी टिपली म्हणून, आणि पाहणाऱ्यांनी सांगितली म्हणून.

मद्रासच्या ‘हिंदू’ वृत्तपत्राच्या घराण्यातून १९७८ साली निघालेल्या ‘स्पोर्टस्टार’ने यातील एक प्रयोग स्वतःवरच करून पाहिला आहे. २००६ साली त्याने मासिकवजा रूप टाकून वर्तमानपत्री आकार घेतला. सहा वर्षे तो चालविला. २०१२ साली पुन्हा मांडणी बदलली, जुना घाट परत आणला, आणि या खेपेस भर दिला तो दीर्घ लेखांवर. तेव्हा वाहिन्या कमी झालेल्या नव्हत्या. उलट वाढलेल्या होत्या.