मीटरचे माप आणि १३८.६८ चा आकडा



१९५६ साली वजनमापांचा कायदा होऊन भारताने मेट्रिक पद्धती स्वीकारली. तथापि जुनी मापे व्यवहारातून अद्याप गेलेली नाहीत. कापड मीटरने मिळते. सुतार मात्र इंच आणि सूत सोडीत नाही, व गवंडी फुटानेच भिंत चढवितो. साहजिकच विद्यार्थी शंभर सेंटिमीटरांचा मीटर घडाघडा म्हणतो, पण वर्गाचे दार किती उंच असे विचारताच ‘साडेसहा फूट’ म्हणून मोकळा होतो. दोष त्याचा नव्हे. कोष्टक पाठ झाले, माप डोळ्यांत बसले नाही.

नंदुरबार जिल्ह्यात ही उणीव केवळ गणिताची राहत नाही. गुजरातेतील सरदार सरोवरामुळे अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. २००६ च्या अखेरीस धरणाची उंची १२१.९२ मीटर झाली. २०१७ साली दरवाजे बंद झाले आणि २०१९ साली पाणी प्रथमच १३८.६८ मीटर पातळीस पोहोचले. आकडे असे अडनिडे का? १९७९ च्या नर्मदा जलविवाद लवादाने ही पातळी फुटांत ठरविली होती : ४५५ फूट. एक फूट म्हणजे ०.३०४८ मीटर, गुणाकार फळ्यावर विद्यार्थ्यांकडूनच करवून घ्यावा. १२१.९२ चे तर नेमके ४०० फूट निघतात.

दोन्ही आकड्यांत १६.७६ मीटरांचे अंतर आहे. वर्गाचे दार सुमारे दोन मीटरांचे. अशी आठ दारे एकावर एक उभी केली तरी पाऊण मीटर उरतोच. शिवाय ही पातळी नदीच्या तळापासून नव्हे, समुद्रसपाटीपासून मोजलेली आहे. म्हणून काठावरच्या शेताची समुद्रसपाटीपासूनची उंची ठाऊक नसेल, तर नुसता आकडा ऐकून ते शेत बुडणार की वाचणार हे कोणासही सांगता येणार नाही. पुष्कळ शिकलेली माणसेही येथे फसतात.

यासाठी महागडी साधने नकोत. बांबूची एक मीटर लांबीची सरळ काठी घ्यावी व तिच्यावर दर दहा सेंटिमीटरांस मुलांनीच खूण करावी. प्रत्येकाने आपली वीत तिच्यावर मोजून ठेवावी. मुलांची वीत वाढते, तेव्हा दर वर्षी ती पुन्हा मोजणे आले. मग दार, फळा, विहिरीचा दोर, ओढ्याची रुंदी, जे समोर असेल ते घ्यावे. मात्र अंदाज आधी वहीत लिहावा, काठी नंतर लावावी.