दुखणाईत तट्टाणी दारी बांधावी काय?



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले तेव्हा कामगार चळवळीवर काही ऐकावे, अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही विषय कळवला तो एका तट्टाणीचा. हा विषय विनोदी आहे काय, असे त्यांच्यापैकी एकाने भीतभीत विचारलेही. विषय विनोदी नाही. एका हमालाची सहा वर्षांची शिल्लक आणि एका मुक्या जनावराची कातडी, एवढे त्यात पणाला लागले होते. आणि निर्णय देण्याचे काम आमच्यावर आले होते.

हकीकत अशी. आमच्या संघटनेचा एक सभासद श्रावणातल्या एका संध्याकाळी औरंगपुऱ्यातील आमच्या खोलीवर आला. त्याचे वडील पूर्वी टांगा हाकीत. रिक्षा आल्या, टांगे गेले, आणि मुलाने पाठीवर पोती घेतली. आता पाठ थकली होती. लग्नाच्या वरातीसाठी घोडी ठेवून पोट भरावे, असा त्याचा विचार होता. एक आठ वर्षांची तट्टाणी निम्म्याहून कमी किमतीत मिळत होती. मात्र तिची आयाळ झडलेली होती, शेपटीचे मूळ घासून घासून रक्ताळलेले होते. विकणारा म्हणत होता, ‘पावसाळ्यातली खाज आहे, दिवाळीनंतर बघा, मखमल होईल.’ आमचा सभासद म्हणाला, ‘भाऊ, घेऊ का नको, तुम्ही सांगा.’

जनावरांच्या डॉक्टरकीची विद्या आम्हांला नाही. परंतु न समजणारी गोष्ट जाणत्याला विचारावी आणि सापडेल ते वाचावे, ही सवय चळवळीने लावली आहे. पुढच्या पंधरा दिवसांत जे समजले, ते आपल्यापुढे ठेवतो.

पहिला प्रश्न असा की हा रोग दुसऱ्याला लागणारा आहे काय? घोड्याला खाज अनेक कारणांनी सुटते. खरजेचे किडे असतात, नायटा असतो. हे दोन्ही एका जनावराचे दुसऱ्याला लागतात. अंगावर गाठी व व्रण आणि नाकातून स्राव असेल तर ग्लँडर्स या भयंकर रोगाचा संशय घ्यावा लागतो. तो माणसालाही होतो. त्यावर १८९९ साली या देशात स्वतंत्र कायदा झाला होता. आज तो २००९ च्या जनावरांच्या संसर्गजन्य रोगांच्या कायद्याखाली येतो, आणि असे जनावर ठेवता येत नाही. घोड्यांच्या रोगांचे आपले राष्ट्रीय संशोधन केंद्र १९८५ पासून हरियाणात हिसार येथे आहे, आणि रक्ताचे नमुने तेथवर तपासणीला जातात. म्हणून आम्ही पहिली अट घातली: कातडी खरवडून तपासावी, रक्त तपासावे, आणि निकाल हाती येईपर्यंत एक पैसाही देऊ नये. विकणारा रागावला. परंतु निकाल स्वच्छ आले. पशुवैद्य म्हणाले, ‘हिला चिलटांचे वावडे आहे.’

वावडे हा शब्द आपण एरवी वांग्याच्या भाजीपुरता वापरतो. डॉक्टर ज्याला ॲलर्जी म्हणतात ते हेच. शरीराचा पहारेकरी साध्या पाहुण्याला दरोडेखोर समजतो आणि घरात हाणामारी करून घरच्याच भिंती पाडतो. या रोगात तो पाहुणा म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारे चिलट. ते चावताना जी लाळ कातडीत शिरते, तिचे त्या जनावराला वावडे असते. शेजारच्या घोड्याला तीच चिलटे चावतात आणि काही होत नाही. म्हणून हा रोग लागत नाही. आणि म्हणूनच तो मुळापासून जातही नाही. खाज दाबणारी प्रभावी औषधे आहेत, परंतु ती मनाला येईल तशी दिली तर खुरांना सूज येऊन घोडा कायमचा लंगडा होण्याचा धोका असतो. रोगाचा कल आईबापांकडून पिलात उतरतो. तेव्हा ‘एक शिंगरू विकले की पैसे वसूल’ हा आमच्या सभासदाचा हिशेब तेथेच पुसून टाकावा लागला.

येथे आइसलँडच्या घोड्यांची गोष्ट सांगण्यासारखी आहे. तेथील लहान चणीच्या घोड्यांचे शतकानुशतकांचे आयुष्य या चिलटांवाचून गेले. ते घोडे युरोपात विकले गेले तेव्हा त्यांच्यापैकी पुष्कळांना ही खाज सुटली; त्याच जातीचे, परंतु युरोपातच जन्मलेले घोडे मानाने पुष्कळ कमी खाजवतात. दोष एकट्या रक्ताचा नव्हता. रक्त आणि जागा यांची गाठ पडली तेव्हा रोग झाला. आणि त्या देशाचा नियम असा की बाहेर गेलेला घोडा परत घ्यायचा नाही. बिचाऱ्याला घरी येण्याची सोय नाही.

घोड्याचे दुसरे एक वावडे धुळीचे आहे. कुबट कडब्यातली, बुरशी धरलेल्या गवतातली धूळ छातीत जाऊन घोड्याला दमा होतो. श्वास सोडताना पोट दोनदा आवळून घ्यावे लागते. त्यावरचा मोठा उपाय म्हणजे चारा भिजवून घालणे आणि मोकळी हवा. हे ऐकताना आम्हांला कापडगिरणीतले जुने कामगार आठवले. कापसाच्या धुळीने त्यांची छाती भरे, आणि सुटीनंतर कामावर येण्याचा पहिला दिवस सर्वांत वाईट जाई. मालक म्हणत, ‘माणूसच दमेकरी, आम्ही काय करणार?’ १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात या रोगाला व्यवसायजन्य म्हणून पुढे स्थान मिळाले. रोग माणसाचा खरा, परंतु तो जागेने दिला, हे त्या एका ओळीने मान्य झाले.

हे आठवल्यावर आमची मोठी अडचण झाली. आजारी कामगाराला काढून टाकू नका, त्याची जागा बदला, हे आम्ही जन्मभर मालकांना सांगत आलो. आता खरेदीदाराच्या बाजूला बसून ‘आजारी आहे, घेऊ नकोस’ असे कोणत्या तोंडाने म्हणावे? परंतु नुसत्या दयेनेही निर्णय होत नाही. दया सभासदाने करायची आणि कर्ज त्याच्या बायकोने फेडायचे, असे होऊ लागले तर ती दया नव्हे. म्हणून आम्ही कागद घेऊन हिशेबाला बसलो.

अडीचशे किलो वजनाच्या तट्टाला रोज चारपाच किलो सुका चारा लागतो. म्हणजे वर्षाकाठी दीड ते पावणेदोन टन. चंदी, नाल, औषध वेगळे. बरी निगा असेल तर तट्टू पंचवीस वर्षेही जगते. म्हणजे आठ वर्षांची तट्टाणी घेणे हा एका दिवसाचा सौदा नसून पंधरासतरा वर्षांचा करार आहे. स्वस्त पडली ती फक्त पहिल्या दिवशी.

त्याहून महत्त्वाची गोष्ट हंगामाची. वराती निघतात तुळशीच्या लग्नानंतर आणि थांबतात आषाढी एकादशीला. चिलटांचा जोर याच्या उलट. चिखल, शेण आणि साचलेले पाणी यांत ती वाढतात, म्हणून पावसाळा आणि त्यानंतरचा ओला काळ हाच या तट्टाणीचा वाईट काळ. कमाई बंद, खर्च दुप्पट, आणि तोही चार महिने! साखर कारखान्यातल्या हंगामी कामगाराला बंद काळात घरी बसल्याचा भत्ता मिळतो. तो मिळवायला भांडावे लागले. तट्टाणीला बंद काळातला भत्ता कोण देणार? देणारा एकच, तिचा धनी. हंगामाच्या आठ महिन्यांत बारा महिन्यांचे वेगळे काढून ठेवण्याची तयारी नसेल तर या धंद्यात पडू नये, निरोगी घोडीसाठीदेखील.

मग कायदा. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याने रोगी किंवा जखमी, कामाला अयोग्य जनावर कामाला लावणे हा गुन्हा ठरवला. मानेवर खरूड असताना जरीचा साज चढवला तर तो गुन्हाच. १९६५ च्या नियमांप्रमाणे ओझ्याच्या जनावराला दिवसात नऊ तासांहून अधिक आणि विश्रांतीवाचून सलग पाच तासांहून अधिक राबवता येत नाही. पारा ३७ अंशांच्या वर जातो तेथे दुपारी बारा ते तीन काम बंद. श्रोतेहो, १९४८ च्या कारखाने कायद्यात माणसासाठीही दिवसाचे नऊच तास आणि विश्रांतीआधी पाचच तास होते. हे आकडे शेजारी शेजारी ठेवले तेव्हा तट्टाणी आमच्या संघटनेची सभासद का होऊ नये, असे क्षणभर वाटले.

शेवटचा प्रश्न आम्ही सभासदाला विचारला, आणि आमच्या मते तोच खरा प्रश्न होता: ‘सूर्य मावळताना आणि उगवताना तुझ्या घरी कोण असते?’ चिलटांची चावण्याची वेळ मुख्यतः हीच. त्या वेळी जनावर आत घ्यावे, बारीक जाळी सोडावी, अंगावर झूल घालावी, खरारा करताना कातडी पाहावी. हे रोज करायचे, कंटाळा आला तरी करायचे. तो गप्प बसला. त्याचे घर नाल्याकाठी, खोली एक, ठाण बांधायला जागा म्हणजे गटाराची कड. तो पहाटे अडत्यात जातो, बायको चार घरची कामे करून दिवे लागल्यावर येते. आम्ही सांगितले, ‘मग घेऊ नकोस.’

तो उठला, दारापर्यंत गेला आणि म्हणाला, ‘भाऊ, बरोबर आहे. पण सगळेच नाही म्हणाले तर तिचं काय होईल?’

याचे उत्तर आमच्याकडे नव्हते. २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या व्हिक्टोरिया गाड्या बेकायदेशीर ठरवल्या, तेव्हा त्या हाकणारांच्या आणि घोड्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्नही न्यायालयाला पाहावा लागला. काम संपले म्हणजे पोट संपत नाही. ज्या जनावराला काम नाही त्याला गिऱ्हाईक नाही, आणि ज्याला गिऱ्हाईक नाही ते एका बाजारातून दुसऱ्या बाजारात किंमत उतरत हिंडते. हिवाळ्यात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत ते उभे राहते तेव्हा केस पुन्हा आलेले असतात. म्हणून घेणाराने आयाळ बाजूला सारून खालची कातडी बोटांनी चाचपावी. ती जाड आणि वळ्या पडलेली लागली, तर पावसाळ्यात काय वाढून ठेवले आहे ते कळते.

चार दिवसांनी सभासद परत आला तो सासऱ्यांना घेऊन. सासऱ्यांची जमीन खुलताबादकडच्या पठारावर, शहराहून उंच, वाऱ्याची. चिलट अंगाने दुबळे. वारा असला की त्याला उडता येत नाही. म्हातारे म्हणाले, ‘पाऊसकाळात माझ्याकडे राहील. संध्याकाळी मी कुठं जातो?’ आम्ही जन्मभर मालकांना जे सांगितले ते या म्हाताऱ्याने न ऐकता केले: जागा बदलली.

मग आम्ही तडजोडीचा कागद लिहिला, जसा मालकांशी लिहितो तसा. चातुर्मासात तट्टाणी पठारावर. संध्याकाळी जाळीच्या आत. गोठ्यात शेणीचा धूर करायचा नाही, कारण चिलटे जातात पण घोड्याची छाती बिघडते. अंगाला कोणतेही तेल आधी तळहाताएवढ्या जागी लावून पाहायचे. जखम असता साज नाही. प्रत्येक वरातीच्या कमाईतला तिसरा हिस्सा पावसाळ्यासाठी बाजूला. शिंगरू धरायचे नाही. आणि विकणाऱ्याने रोग लपवला नाही, असे त्याच्याकडून लिहून घेतले. त्याला तेही पसंत पडले, कारण पुढे त्याच्याकडे कोणी बोट दाखवणार नव्हते.

आपण विचाराल, तट्टाणी बरी झाली काय? नाही. पहिल्या भाद्रपदात तिने पुन्हा खांबाला शेपूट घासली. परंतु रक्त निघाले नाही, आणि मार्गशीर्षात आयाळ बोटभर आली होती. दोन लग्ने तिने सोडली, कारण मान ओली होती. सभासदाचे त्यात नुकसान झाले. ते त्याने सोसले, कारण ते कागदात आधीच धरलेले होते.

आपल्यापैकी फार थोडे लोक घोडे घेतील. परंतु दुखणे असलेले जनावर, दुखणे असलेला नोकर, दुखणे असलेला आप्त दारी आला, तर ‘घ्यावे की न घ्यावे’ हा प्रश्न प्रत्येकाला एकदा तरी पडतो. आमचा अनुभव एवढाच सांगतो की किंमत किती हे शेवटी विचारावे. त्याला कशाचे वावडे आहे, ते आपल्या घरात आहे काय, आणि दिवस मावळताना दाराशी कोण उभे राहणार, हे आधी विचारावे. या तिन्हींची उत्तरे नसतील तर ‘नाही’ म्हणण्यात पाप नाही. घेऊन मग हालात ठेवण्यात आहे. आणि उत्तर एकट्याजवळ नसले तर शेजारीपाजारी, सोयऱ्याधायऱ्यांत शोधावे. एकट्याला न पेलणारे ओझे चौघांनी उचलावे, यासाठीच तर संघटना असते.