डिस्कला जाणाऱ्या दोन वाटा
(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आम्ही राज्य सरकारच्या नोकरीतले, शिक्षण डिप्लोमापर्यंतचे आणि काम संगणकाच्या खोलीतले. या व्यासपीठावर एरवी संतसाहित्यावर, इतिहासावर जाणकार मंडळी बोलतात. ते आमच्याच्याने होणार नाही. तेव्हा रोज जे हाताखालून जाते तेच सांगतो.

तुमच्या पेन्शनची, जमिनीची, जन्म-मृत्यूची नोंद आता संगणकाच्या डिस्कवर असते. डिस्क बिघडली तर काय, हे सगळे विचारतात. डिस्क ठणठणीत आहे, पण तिच्यापर्यंत जाणारी वायरच तुटली तर काय, हे फारसे कोणी विचारत नाही. खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसाला दोन्ही सारखेच. त्याला "सर्व्हर डाउन आहे, उद्या या" एवढेच ऐकायला मिळते.

मोठ्या यंत्रणेत एकच डिस्क नसते. शेल्फ नावाच्या लोखंडी कप्प्यात बारा किंवा चोवीस डिस्क ओळीने बसवतात आणि असे कित्येक शेल्फ एकावर एक असतात. त्या सगळ्यांवर कंट्रोलर नावाचा एक मुकादम असतो. प्रत्येक डिस्कला मुकादमापासून वेगळी वायर ओढली तर वायरींचे जंगल होईल. म्हणून पहिलीपासून दुसरीला, दुसरीपासून तिसरीला अशी जोडणी करतात. शेवटच्या डिस्कपासूनची वायर परत मुकादमाकडे आणली की कडे पुरे होते. यालाच लूप म्हणतात.

फायबर चॅनेलच्या लूपचे प्रमाण अमेरिकेतल्या आन्सी या संस्थेने १९९६ साली ठरवले. अशा एका लूपवर १२६ यंत्रे बसू शकतात. माहिती एकाच दिशेने फिरते. जे आपले नाही ते प्रत्येक डिस्क पुढे सरकवते. पंगतीत ताट हातोहात पुढे जाते ना, तसे. पण मधल्या एकाने हात मागे घेतला तर ताट तिथेच अडते. एका डिस्कपायी सगळे लूप बंद! म्हणून दोन सोयी केल्या. पहिली, बिघडलेल्या डिस्कला वगळून शेजारच्या दोघांचा हात एकमेकांच्या हातात देणारे सर्किट. दुसरी, प्रत्येक डिस्कला दोन दारे आणि 'ए' व 'बी' अशी दोन वेगळी लूप. एक अडले की दुसऱ्या दाराने ये-जा.

आयबीएमने त्याच दशकात एसएसए नावाची पद्धत आणली होती. ती आम्हाला अजूनही जास्त देखणी वाटते. तिच्यात एकाच कड्यावर माहिती दोन्ही दिशांनी जाते. मध्ये कुठे तुटले तर कड्याच्या दोन माळा होतात. तुटण्याच्या अलीकडच्या डिस्क या बाजूने गाठायच्या, पलीकडच्या त्या बाजूने. बाजारात मात्र ती टिकली नाही. देखणेपणावर बाजार चालत नाही, दुसरे काय!

आता बहुतेक ठिकाणी सॅस नावाची जोडणी असते. यात कडे नसून साखळी असते, पण डिस्कला दारे दोनच आणि मुकादमही दोन. इथे वायर कशी लावली याला फार महत्त्व आहे. समजा चार शेल्फ आहेत. पहिल्या मुकादमाची वायर वरून खाली, म्हणजे एक, दोन, तीन, चार अशी नेली. दुसऱ्याची खालून वर, म्हणजे चार, तीन, दोन, एक. उद्या दुसरा शेल्फ पूर्ण बंद पडला तर पहिला मुकादम एकपर्यंत पोचतो, दुसरा चार आणि तीनपर्यंत. गेला तो फक्त एक शेल्फ. आता दोन्ही वायरी वरूनच खाली नेल्या असत्या तर? दुसऱ्यासोबत तिसरा आणि चौथाही दोघांना अंतरला असता. सामान तेच, पैसा तोच. फरक फक्त वायर ओढणाऱ्याच्या डोक्यातला.

दोन वाटा केल्या की एक गंमत होते. सर्व्हरला तीच डिस्क दोनदा दिसते आणि तो त्या दोन वेगळ्या समजतो. मग मल्टिपाथ नावाचे सॉफ्टवेअर डिस्कचा क्रमांक वाचून ही एकच आहे हे त्याला पटवते आणि एक वाट गेली की काम दुसरीवर वळवते. हे इतक्या गुपचूप होते की कोणाला कळत नाही. व्यवस्थेचा हाच गुण आणि धोकाही हाच. पहिली वाट मार्चमध्ये तुटली, पिवळा दिवा लागला, काम चालू म्हणून कोणी पाहिले नाही. ऑगस्टमध्ये दुसरी तुटते तेव्हा लोक म्हणतात, अहो, दोन वाटा होत्या ना!

दोन वाटांबद्दल आपल्या गौलीगुड्यातल्या माणसाला खरे तर सांगायला नको. चारमिनारला जायचे तर अफजलगंजचा पूल जवळचा. तो अडला तर चादरघाट, नाहीतर मुसल्लमजंग किंवा पुराना पूल. विसर्जनाच्या मिरवणुकीच्या दिवशी हा हिशेब आपण सगळेच करतो. पण २८ सप्टेंबर १९०८ ची मूसीची तुग्यानी आठवा. अफजल, मुसल्लमजंग आणि चादरघाट हे तिन्ही पूल गेले. शहराच्या दोन भागांना जोडायला उरला तो १५७८ सालचा पुराना पूल. पूल चार होते, पण नदी एकच होती. संगणकाच्या खोलीत असेच चालते. पॉवर सप्लाय दोन, वायरी दोन आणि दोन्हींचे प्लग एकाच बोर्डात. कागदावर सगळे दुहेरी दिसते.

हे छोट्या कार्यालयातच होते असे नाही. २४ फेब्रुवारी २०२१ ला मुंबईचे राष्ट्रीय शेअर बाजार, म्हणजे एनएसई, सकाळी ११.४० ला थांबले. त्यांच्या दोन ठिकाणांमधल्या टेलिकॉम लाइनी दोन वेगळ्या कंपन्यांच्या होत्या, मुद्दाम तशा घेतलेल्या. तरी दोन्ही एकदमच डळमळल्या. वाटेवरचे खोदकाम आणि बांधकाम हे कारण पुढे आले. लाइनी डळमळल्यावर डिस्कांची साठवण यंत्रणा अपेक्षेप्रमाणे वागली नाही. सर्व्हरना ती सापडेना, आणि सौद्यांची जोखीम मोजणारी व्यवस्था बंद पडली. जोखीम मोजता येत नसताना सौदे चालवणार कसे? बाजार पुन्हा उघडला तो दुपारी ३.४५ ला आणि संध्याकाळी ५ पर्यंत चालवावा लागला. मधल्या चार तासांत ज्यांचे सौदे अडकले त्यांना दोन कंपन्यांच्या लाइनींचा काय उपयोग?

पुढच्याच महिन्यात सेबीने बाजारांना नियम घालून दिला. महत्त्वाची यंत्रणा बंद पडली तर ३० मिनिटांत ती आपत्ती म्हणून जाहीर करायची आणि त्यानंतर ४५ मिनिटांत काम पुन्हा उभे करायचे. आमच्या मते यातले पहिले कलम जास्त अवघड आहे. "थांबा, आत्ता चालू होईल" म्हणण्यात अर्धा तास कधी जातो ते कळत नाही.

शंका असेल ती जरूर विचारा. एक शंका आम्हीच आधी निस्तरतो: दोन वाटा म्हणजे बॅकअप नव्हे. कोणी चुकून फाइल पुसली तर ती दोन्ही वाटांनी सारखीच पुसलेली दिसते. आरतीनंतर मुलांनी थांबावे. गुजराती गल्लीतून आणलेला एक जुना शेल्फ मागच्या टेबलावर ठेवला आहे. त्याच्या पाठीवर 'ए' आणि 'बी' ही अक्षरे दिसतील. एक वायर काढून बघायला कोणाचीच हरकत नाही.