होडीवरील काठीचे घर : त्याचा टिकाऊपणा व आपला व्यवसाय

(ज्ञातीच्या वार्षिक स्नेहसंमेलनात कडा येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)



संमेलनाच्या चालकांनी मला व्यवसायविषयक काही बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा शिक्षण, संघटना, हुंडाबंदी यांसारखा एखादा भारदस्त विषय मी निवडीन अशी त्यांची अपेक्षा असावी. ते सर्व विषय महत्त्वाचे आहेत आणि त्यांवर माझ्याहून अधिकारी वक्ते येथे बोलले आहेत. मी मात्र आज एक लहानशी वस्तू आपल्यापुढे ठेवणार आहे. होडीच्या काठाला गळाची काठी उभी करण्यासाठी जी नळी, खोबण किंवा कडी बसवलेली असते, तिच्याविषयी मला बोलावयाचे आहे. बाजारात तिला ‘रॉड होल्डर’ म्हणतात. मी तिला आपल्या बोलीत काठीचे घर म्हणेन. ही वस्तू किती दिवस टिकते, का मोडते आणि ती टिकावी म्हणून आपणांस काय करता येईल, एवढाच माझा विषय आहे.

विषय क्षुल्लक आहे, अशी शंका कोणाच्या मनात येणे साहजिक आहे. आपला मुख्य आधार जाळे हाच आहे, गळ नव्हे, हेही मला मान्य आहे. तथापि संध्याकाळी जाळे टाकून झाल्यावर, किंवा पाणी उतरून जाळे टाकण्याजोगे राहिले नाही म्हणजे, मरळ, वाम किंवा एखादा थोर कटला मिळवून देतो तो गळच. अशा वेळी माणूस होडीत बहुधा एकटा असतो. एक हात वल्ह्याला, दुसरा जाळ्याच्या दोरीला. मग काठी कोणी धरावी? काठीचे घर हा त्या एकट्या माणसाचा तिसरा हात आहे. तो हात ऐन वेळी निखळला तर काठी, दोरा आणि मासा तर जातोच. पण निसटती काठी धरण्यासाठी माणूस एकदम एका बाजूस झुकतो, आणि अरुंद होडी किंवा तराफा कलंडण्यास एवढे निमित्त पुरे होते. ज्या घरातला मिळवता माणूस पाण्यावर जातो, त्या घराला हा विषय क्षुल्लक वाटणार नाही.

गळाची विद्या आपल्या भूमीत परकी नाही. आजचा बीड जिल्हा एके काळी कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात होता. त्या घराण्यातील राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ नावाचा मोठा संस्कृत ग्रंथ रचला. राजाच्या नाना विनोदांच्या वर्णनात त्याने ‘मत्स्यविनोद’ हे स्वतंत्र प्रकरण घातले असून माशांच्या जाती, त्यांचे आमिष, दोरा, गळ आणि काठी यांचा विचार त्यात केला आहे. इंग्लंडात आयझॅक वॉल्टनचे गळावरील सुप्रसिद्ध पुस्तक 1653 साली निघाले. आपला ग्रंथ त्याच्या पाचशे वर्षे आधीचा आहे. राजाचा तो विनोद होता. आपल्या वाडवडिलांचा तो उदरनिर्वाह होता. साधनाची पारख दोघांनाही करावीच लागली.

आता आपल्या परिस्थितीकडे वळू. कडा हे गाव सीनेच्या खोऱ्यातील, अवर्षणाच्या पट्ट्यातील. कडा, कडी, मेहकरी यांसारखे तलाव हेच आपल्या तालुक्याचे पाणी. आपले कित्येक बांधव उजनीच्या विस्तीर्ण जलाशयावर किंवा पैठणच्या नाथसागरावरही जातात. 1957 साली कटक येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी इंजेक्शनाच्या साहाय्याने आपल्याकडील कार्प जातीच्या माशांचे प्रजनन घडवून आणले. त्यामुळे रोहू, कटला व मृगळ यांचे बीज हवे तेव्हा मिळू लागले आणि नदीपासून दूर असलेल्या अशा तलावांतही मत्स्यशेती उभी राहिली. पण पाण्याचा भरवसा मात्र राहिला नाही. 1972 चा दुष्काळ वडीलधाऱ्यांना आठवत असेल. 2016 च्या उन्हाळ्यातील कोरडे तळ तर तरुणांनीही पाहिले आहेत.

याचा परिणाम असा की, आपल्याकडील होडीचे आयुष्य जितके पाण्यात जाते तितकेच, किंबहुना त्याहून अधिक, काठावर उन्हात जाते. कोकणातील दर्यावर्दी म्हणेल की लोखंड खाऱ्या पाण्याने खाल्ले. समुद्राच्या पाण्यात साधारण साडेतीन टक्के क्षार असतात, तेव्हा त्याचे म्हणणे त्याच्या जागी खरे आहे. आपले वैरी तीन आहेत : ऊन, आळीपाळीने भिजणे-वाळणे, आणि चुकीचा सांधा. हे तीन वैरी ओळखल्यावाचून मुंबईच्या दर्यासाठी बनलेली महागडी वस्तू आणून बसवली, तरी ती येथे टिकेलच असे नाही.

प्रथम सांध्याचा विचार करू, कारण मोडतोडीचे मूळ बहुधा तेथे असते. आपल्या भोई ज्ञातीने पिढ्यान्‌पिढ्या पालख्या वाहिल्या. पालखीचा भार जिथे दांड्याला मिळतो, ती जागा आधी तपासावी लागते हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. काठीच्या घराचे तसेच आहे. समजा, काठी घराच्या वर 180 सेंटिमीटर उभी आहे, आत 20 सेंटिमीटर बसली आहे आणि माशाने शेंड्याला आडवी 5 किलोची ओढ दिली. ही ओढ आपल्याला थोडी वाटते. परंतु काठी येथे पहारेसारखी काम करते. हिशेब केला तर घराच्या वरच्या कडेवर 50 किलोचा आणि तळाशी उलट दिशेने 45 किलोचा दाब पडतो. तीच काठी 20 ऐवजी 10 सेंटिमीटरच आत बसवली, तर वरचा दाब 100 किलोवर जातो. काठी वाकली म्हणजे हा जोर थोडा कमी होतो हे खरे. तरीही उथळ घर म्हणजे स्वतःच मोडण्याची केलेली व्यवस्था होय. म्हणून पहिला नियम असा की, घर खोल असावे.

दुसरा नियम असा की, घर नुसत्या स्क्रूवर टांगू नये. स्क्रू लाकडात किंवा फायबरच्या पातळ पत्र्यात आपल्या आट्यांनी धरून असतो; प्रत्येक हिसक्याला भोक किंचित मोठे होते, त्यात पाणी शिरते आणि एके दिवशी सगळे एकदम उपटून येते. त्याऐवजी आरपार बोल्ट घालावा, आतल्या बाजूस फळीचा किंवा धातूच्या पट्टीचा रुंद आधार द्यावा आणि मग नट आवळावा. त्यामुळे तोच भार तळहाताएवढ्या जागेवर पसरतो. फायबरच्या होडीत भोक पाडल्यावर त्याची कड लांबी किंवा राळ भरून बंद करावी, नाहीतर पाणी थरांमध्ये मुरते.

आता धातूंकडे पाहू. साध्या लोखंडाचा खिळा ओल्या लाकडात गंजतो. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, म्हणून तो लाकूड आतून फाकवतो आणि भोवतालचे लाकूड काळे व ठिसूळ होते. त्याहून चांगले ते जस्ताचा मुलामा दिलेले लोखंड. जस्त स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचवते. मात्र कापल्याने किंवा भोक पाडल्याने मुलामा गेला असेल, तेथे रंगाचा हात द्यावा. घरातील स्टीलच्या भांड्यांत सुमारे 18 टक्के क्रोमियम व 8 टक्के निकेल असते. क्रोमियमचा डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा त्याचे रक्षण करतो. गोड्या पाण्यास हे स्टील पुरेसे आहे. समुद्रासाठी ज्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम अधिक घालतात ते उंची स्टील लागते; आपण त्यासाठी जास्त दाम मोजण्याचे कारण नाही.

एक पथ्य मात्र पाळावे. दोन भिन्न धातू ओलसर जागी एकमेकांस चिकटून ठेवू नयेत. सर हंफ्रे डेव्ही या शास्त्रज्ञाने 1824 साली इंग्रज आरमाराच्या जहाजांवरील तांब्याच्या पत्र्यास जस्त किंवा लोखंड जोडले, तेव्हा तांबे वाचले आणि जोडलेला धातूच झिजू लागला. हाच न्याय आपल्या होडीलाही लागू आहे. ॲल्युमिनियमच्या घराला पितळेचा स्क्रू लावला तर पितळ शाबूत राहील आणि ॲल्युमिनियम भुगा होत जाईल. एकाच जातीचा धातू वापरावा. ते न जमल्यास मधे रबराचा तुकडा घालून दोघांस वेगळे ठेवावे.

प्लास्टिकच्या घराचा वैरी ऊन. सूर्याच्या अतिनील किरणांनी त्याच्या रेणूंच्या साखळ्या तुटतात; आधी रंग उडतो, मग हात लावल्यास पांढरी भुकटी लागते, आणि शेवटी ते काचेसारखे तडकते. आपल्यातील बागायतदारांना मी विचारतो, ठिबकाच्या नळ्या काळ्या का असतात? त्यांत सुमारे दोन ते अडीच टक्के काजळी मिसळलेली असते व ती ऊन स्वतः शोषून घेते. म्हणून लाल-पिवळ्या चकचकीत वस्तूला न भुलता काळी, जाड भिंतीची वस्तू घ्यावी. होडी काठावर ओढल्यावर घर काढून सावलीत ठेवता आले तर उत्तमच; तेवढे न जमल्यास त्यावर गोणपाट टाकावे. यास खर्च शून्य आहे.

आणि आपले गावचे लाकूड विसरू नये. बाभळीच्या नाराचे लाकूड बैलगाडीच्या चाकांना पिढ्यान्‌पिढ्या पुरले; त्याचा कोरलेला ठोकळा काठीला उत्तम घर होतो. मात्र लाकूड पुरते वाळलेले असावे आणि त्यास वर्षातून एकदा जवसाचे तेल पाजावे. बांबूचे पेरही चालते. पण बांबूतील पिष्टावर भुंगा जगतो, म्हणून तोडल्यावर तो काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवण्याची जुनी चाल सोडू नये. पाण्याने ते पिष्ट निघून जाते व भुंग्याला खावयास उरत नाही. वडीलधाऱ्यांच्या या रीतीमागे केवढे शास्त्र होते, हे यावरून ध्यानात यावे.

घर कशाचेही असो, त्याच्या तळाशी एक भोक अवश्य ठेवावे. बंद तळाच्या नळीत पाणी व गाळ साचतो. लोखंड गंजते, लाकूड कुजते, आणि वाळलेल्या गाळात काठी अशी रुतते की ऐन वेळी निघत नाही. करंगळी जाईल एवढे भोक यावर पुरेसा उपाय आहे. शिवाय काठीच्या मुठीस एक हातभर दोरी बांधून ती होडीच्या आडव्या फळीस अडकवावी. घर मोडले तरी काठी पाण्यात जाणार नाही आणि ती वाचवण्यासाठी कोणाला झुकावे लागणार नाही. थर्माकोलच्या तराफ्यावर किंवा फुगवलेल्या ट्यूबवर तर काठीचे घर बसवूच नये. तेथे आरपार बोल्टास आधारच नाही. आणि घर कितीही पक्के असले तरी तरंगते जाकीट घातल्याशिवाय पाण्यावर जाऊ नये, ही विनंती मी विशेषतः तरुणांना करतो.

बंधूंनो, आतापर्यंत मी लोखंड, लाकूड व प्लास्टिक यांच्या झिजेविषयी बोललो. पण वस्तूला झिजवणारी आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे ‘माझे काय जाते’ ही वृत्ती. स्वतःच्या मालकीच्या होडीवरील ढिला नट माणूस त्याच संध्याकाळी आवळतो. संस्थेच्या सामाईक होडीवरील तोच नट दहा जण पाहतात आणि दहाही जण पुढे जातात. संस्थेने तलावाचा ठेका घेतला, बीज सोडले, होड्या घेतल्या. पण त्या होड्यांची देखभाल कोणाच्या नावावर लिहिली? जेथे हे लिहिले जात नाही, तेथे सर्वांत उंची स्टीलही दोन पावसाळ्यांचे पाहुणे ठरते.

म्हणून माझी सूचना अशी आहे. मृगाच्या आधी, जाळी विणण्या-तुणण्याच्या दिवसांत, प्रत्येक संस्थेने एक दिवस होड्यांसाठी ठेवावा. त्या दिवशी प्रत्येक काठीच्या घरात जुनी काठी घालून तिच्या शेंड्यास दोरीने 5 किलोची ओढ वजनकाट्यावर मोजून द्यावी. जे घर हलेल ते त्याच दिवशी दुरुस्त व्हावे, आणि प्रत्येक होडीपुढे एका माणसाचे नाव वहीत लिहावे. दहावी-बारावी झालेल्या मुलांनी ही वही ठेवावी. शाळेत शिकलेला तरफेचा नियम आजोबांच्या होडीवर कसा लागू पडतो हे त्यांना दिसेल, आणि ज्या व्यवसायाकडे ती मुले कमीपणाने पाहू लागली आहेत, त्यात बुद्धीला किती वाव आहे हेही उमगेल.

23 सप्टेंबर 2022 पासून अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, ते आष्टी ही रेल्वे सुरू झाली आणि कड्याला स्थानक मिळाले. बाहेरचा माल पूर्वीपेक्षा सुलभतेने आपल्या बाजारपेठेत येईल. त्यात चांगला असेल तसा वाईटही असेल. कोणता घ्यावा हे विक्रेत्याच्या बोलण्यावरून न ठरवता आपल्या पाण्यावरून, आपल्या उन्हावरून आणि आपल्या सांध्यावरून ठरवण्याची दृष्टी आपणांस यावी, एवढाच या भाषणाचा हेतू होता.

 पाण्यावर गेलेला आपला प्रत्येक माणूस सुखरूप घरी परतो, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.