दाव्याच्या फायलीसोबत लेकरांची यादी
(जळगाव जामोद तालुक्यातील वस्त्यांच्या बैठकीतील भाषण)



आपण वनहक्काच्या दाव्यांसाठी बसलो आहोत. पण आज आधी लेकरांचं बोलू. जमीन मागतो ती त्यांच्यासाठीच ना?

शेजारच्या मेळघाटात 1993 साली कुपोषणानं लेकरं गेली, ते देशभर गाजलं. सातपुडा तोच, भूकही तीच.

"बारीक हाय, त्याचा बाप बी तसाच," असं आपण म्हणतो. पण नुसत्या डोळ्यानं समजत नाही. सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकराच्या डाव्या दंडाला मधोमध पट्टी लावा. घेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर तीव्र कुपोषण. 11.5 ते 12.5 च्या मध्ये असेल, तर मध्यम, त्यालाही जपायचं. मग दोन्ही पावलांवर अंगठा तीन मोजेपर्यंत दाबून धरा. दोन्हीकडे खड्डा राहिला, तर ती सूज. असं लेकरू गुटगुटीत दिसतं, म्हणून आपण फसतो. पट्टी काही का दाखवेना, तेही तीव्र कुपोषणच.

लेकरू खातंय, खेळतंय, तर अंगणवाडीच्या ग्राम बाल विकास केंद्रात घाला. खात नाही, सुस्त आहे, अंग गार किंवा तापलेलं, धाप, उलट्या-जुलाब, पायावर सूज असेल, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. तिथून पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवतील. आईलाही सोबत राहता येतं. पोटावर चटके देऊ नका. एकदम जबरीनं भरवू नका, उपाशी शरीराला झेपत नाही. थोडं थोडं, पुन्हा पुन्हा द्या. अंगावरचं दूध तोडू नका.

ही भीक नाही. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं कुपोषित लेकरू शोधणं आणि त्याला मोफत आहार देणं अंगणवाडीमार्फत सरकारवर बांधील आहे. त्या कायद्यात सुरुवातीला कुपोषित लेकराला रोज 800 कॅलरी अन् 20 ते 25 ग्रॅम प्रथिनं ठरवली होती.

पण पट्टा नाही, म्हणून आपण दिवाळीनंतर गाव सोडतो, अन् लेकरू अंगणवाडीच्या रजिस्टरातून निसटतं. दोन्ही लढाया एकच आहेत.

म्हणून ठराव मांडतो: दर महिन्याला ग्रामसभेनं अंगणवाडीताईंसोबत सगळ्या लेकरांचं माप पाहावं. कामाला जाणाऱ्यांची नावं आधी लिहावी, होळीला परतल्यावर पहिल्याच आठवड्यात माप घ्यावं. दाव्याच्या फायलीसोबत ही यादीही सभेत वाचावी.

मंजूर असेल तर हात वर करा. आणि उद्यापासून पट्टी हातात घ्या.

जिंदाबाद!