घरच्या घरी चामड्याची पर्स

शहरातल्या मोठ्या दुकानात काचेमागे ठेवलेली चामड्याची पर्स पाहिली की आपण आधी किमतीची चिठ्ठी उलटून बघतो आणि गुपचूप बाहेर येतो. आमच्या गटातल्या बायकांनीही तेच केलं होतं. मग ठरवलं, शिवून तर बघू.

पहिली अडचण चामड्याची नव्हती, घरातली होती. "चामडं आमच्या घरात यायचं नाही," असं एका सासूबाईंनी स्पष्ट सांगितलं. हे काम कुणाचं, कुणाचं नाही, हे गावात ठरलेलंच असतं ना! पायात चप्पल चालते, हातात पर्स चालते, फक्त शिवणारे हात आपले नकोत. आम्ही समाजमंदिरात बसायला लागलो. आमच्या गटात चर्मकार घरातल्या एक वहिनी आहेत. तीन वर्षं बैठकीत दाराशी बसायच्या, सही करून निघून जायच्या. आरी आणि रापी कशी धरायची ते त्यांनीच शिकवलं. आता त्या मधे बसतात आणि आम्ही भोवती. त्या सासूबाई अजून देवघराजवळ चामडं येऊ देत नाहीत. ते आम्हीही मानतो.

आता कामाचं सांगतो. कागद-पेन्सिल घ्या.

पर्स 14 इंच रुंद, 12 इंच उंच धरा. पुढचा-मागचा असे दोन तुकडे. बाजू आणि तळ मिळून 4 इंच रुंदीची, 38 इंच लांबीची एकच पट्टी. शिवाय 24 इंचाचे, इंचभर रुंदीचे दोन पट्टे. हिशेब केला तर पावणेचार चौरस फूट होतात. पण कातडं कधीच चौकोनी नसतं, डाग असतात, कडा वाकड्या असतात. म्हणून पाच फूट घ्या. झाडाच्या सालीत कमावलेलं चामडं मागा. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, ते तुम्हाला ठाऊक असेलच. अंगासाठी दीड मिलिमीटर जाडी पुरे, पट्ट्यासाठी अडीच ते तीन.

आधी वर्तमानपत्राचा नमुना कापा, मग पुठ्ठ्याचा. कापडाची चूक उसवता येते, चामड्याला पडलेलं भोक कायमचं. कापताना कटर एकदम दाबू नका. स्टीलची पट्टी धरून दोन-तीनदा हलक्या हाताने फिरवा.

आमची चूक ऐका. पहिल्या पर्सचे पट्टे आम्ही पोटाकडच्या चामड्याचे कापले, कारण तो तुकडा उरला होता. पोटाचं चामडं ताणतं. त्यात रिबीट अगदी कडेला ठोकलं. ती पर्स एका शिक्षिकाबाईंनी घेतली आणि भर बाजारात पट्टा तुटला, भाजी रस्त्यावर. पैसे परत दिले. तेव्हापासून पट्टे पाठीच्या चामड्याचे, लांबीच्या दिशेनेच कापतो. रिबीट कडेपासून अर्धा इंच आत घेतो आणि आतून चामड्याचा छोटा तुकडा लावतो.

अस्तराला आम्ही खणाचं कापड लावतो. हीच आमची डिझाइन! पर्स उघडली की काठ दिसतो आणि गिऱ्हाईक हसतं. अस्तर शिवण्याआधीच आतून सोल्युशनने चिकटवायचं. सोल्युशन उघड्या जागेत वापरा, चुलीपासून लांब, आणि मुलांना जवळ बसवू नका. त्याच्या वासाने डोकं गरगरतं.

शिवण अशी: कडेपासून 4 मिलिमीटर आत रेघ, त्यावर 4-4 मिलिमीटरवर भोकं. पट्टी आणि अंगाचा तुकडा यांची भोकं मोजून सारखीच ठेवा, नाहीतर तळाच्या कोपऱ्यात चुणी येते. दोरा मेण लावलेला, शिवणीच्या चौपट लांब, दोन्ही टोकांना बोथट सुया. एकाच भोकातून एक सुई इकडून, दुसरी तिकडून. मशीनचा टाका एक तुटला की पुढचे सुटत जातात. यात दुसरा दोरा धरून ठेवतो. एका पर्सला जवळजवळ पाचशे टाके पडतात. शेवटी कडा पॉलिश पेपरने घासा, ओल्या बोटाने पुसा, जाड कापडाने चोळून मेण लावा. हे राहिलं की पर्स घरगुती दिसते.

एका व्यापाऱ्याने आम्हाला वीस पर्सची ऑर्डर देऊ केली. अट एकच: परदेशी नामांकित कंपनीचं चिन्ह वर उमटवायचं. दुप्पट भाव. गटाच्या कर्जाचा हप्ता जवळ आला होता, त्यामुळे दोन बैठका भांडणात गेल्या. "कोण बघतंय?" असंही एकीने विचारलं. तिचं चुकलं असं म्हणवत नाही, तिच्या घरी दुखणं होतं. पण 1999 च्या ट्रेडमार्क कायद्यात खोट्या चिन्हाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि कमीत कमी 50 हजार रुपये दंड आहे. पकडलं तर व्यापारी नव्हे, शिवणाऱ्या बायका सापडणार. तसा आकार, तसे खिसे पाहून शिकायला लाज नाही. नाव मात्र आपलं. आम्ही नाही म्हटलं. हप्ता त्या महिन्यात उशिरा भरला आणि दंडही भरला.

भाव ठरवताना चामडं, दोरा, रिबीट धरतोच, आणि आता टाक्यांचे तासही धरतो. पूर्वी धरत नव्हतो. पावसाळ्यात तयार पर्स प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, बुरशी चढते. सुती कापडात गुंडाळा, आत कागद कोंबा. पुढच्या आठवड्यात वहिनी आरीला धार लावायला शिकवतील.